साठीनंतरचा क्विकस्टेप आणि ब्लॅकपूल टॉवरची बॉलरूम

इंग्लंडच्या लँकेशायर किनाऱ्यावरील ब्लॅकपूल टॉवरच्या बॉलरूमविषयी, म्हणजे तेथील नाचाच्या दालनाविषयी, लिहिणारे बहुतेक जण छतावरील चित्रे, सोनेरी नक्षी आणि झुंबरे यांच्या वर्णनातच रमतात. त्या वैभवाबद्दल माझी तक्रार नाही; परंतु निवृत्तीनंतर हौसेने बॉलरूम नृत्य शिकू लागलेल्या जोडप्यांनी तेथे नाचायला जावे का, हे ठरवायचे तर नजर छतावरून काढून जमिनीवर आणावी लागते. माझ्या मते अवश्य जावे, कारण म्हाताऱ्या हौशी नर्तकांच्या फजित्या इतक्या सहजपणे पोटात घालणारी दुसरी जागा माझ्या पाहण्यात नाही.

टॉवर 1894 मध्ये उघडला आणि फ्रँक मॅचम या नाट्यगृहांच्या वास्तुरचनाकाराने घडवलेली ही बॉलरूम 1899 मध्ये. डिसेंबर 1956 मधील आगीत तिचे मोठे नुकसान झाले, परंतु पूर्ववत दुरुस्ती होऊन 1958 मध्ये ती पुन्हा सुरू झाली. नाचाची जमीन 120 फूट लांब व 102 फूट रुंद असून महोगनी, ओक आणि अक्रोड यांच्या 30,602 लाकडी तुकड्यांची ती बनलेली आहे. या आकड्यांचे महत्त्व एखादे वृद्ध जोडपे क्विकस्टेप या जलद नाचाच्या वेगात वळण चुकून सरळ निघते तेव्हा कळते: थांबण्याचे सुचेपर्यंत त्यांच्यापुढे पुरेशी मोकळी जमीन शिल्लक असते. वेग मिनिटाला 50 बारांच्या (म्हणजे तालाच्या आवर्तनांच्या) आसपास, पुरुष पुढे चाललेला आणि स्त्री उलटी मागे; त्यामुळे समोरचे धोके पाहणारा एकटाच, आणि त्याचे डोळे स्वतःच्या बुटांवर. बाजूच्या टेबलांवर चहा घेणारी मंडळी अशा वेळी किटली आपल्याकडे ओढून घेतात आणि गप्पा पुढे चालू ठेवतात.

या फजित्यांचा दोष वयाला देण्याची पद्धत आहे. मला तो शिकवण्याला द्यावासा वाटतो. आमच्या गावातील एका सभागृहात भरणाऱ्या वर्गात प्रत्येक नाच खिडकीकडे तोंड करून सुरू होतो, सर्व जण पावले पाठ करतात आणि चार भिंतींच्या खुणांवर वळणे घेतात. कोपरा जवळ आला तर काय करावे, पुढचे जोडपे अचानक थांबले तर कोठे सरकावे, हे तेथे कोणी सांगत नाही. अशी मंडळी या विस्तीर्ण जमिनीवर आली, की त्यांना पहिला प्रश्न पडतो तो खिडकी कोठे आहे हा. एका गृहस्थांनी तर वॉल्ट्झ सुरू करण्यापूर्वी पत्नीला हातात धरून दोनदा गोल फिरवले आणि शेवटी रंगमंचालाच खिडकी मानून घेतले.

संगीत हा येथील सर्वांत मोठा लाभ होय. जिवंत ऑर्गनवर नाचण्याची मौज ध्वनिमुद्रित गाण्यांत नाही. सध्याचा वुर्लिट्झर कंपनीचा ऑर्गन 1935 मधला असून तो वादकासह रंगमंचाखालून वर येतो; रेजिनाल्ड डिक्सन यांनी 1930 ते 1970 या काळात येथे वादन करून या बॉलरूमचा सूर घरोघरी पोहोचवला. मात्र ऑर्गनच्या भरीव नादात ठेका पकडणे नवशिक्यांना अवघड जाते, म्हणून पत्नी मोठ्याने आकडे मोजते आणि पतीला सोडून शेजारच्या तीन जोडप्यांना ते स्पष्ट ऐकू जातात. गाल गालाजवळ आला, की श्रवणयंत्र शिट्टी घालू लागते; त्यामुळे सर्वांत नाजूक क्षणी दोघांनाही मान लांब करावी लागते आणि परीक्षकांना हवी असलेली ताठ ठेवण आपोआप साधते. संथ वॉल्ट्झनंतर व्हिएनीज वॉल्ट्झ लागला, तर लय जवळजवळ दुप्पट होते. ही गोष्ट काही जणांच्या लक्षात येत नाही आणि ते भोवतीच्या गरगरणाऱ्या गर्दीत धीरगंभीरपणे जुनेच पाऊल टाकत राहतात. पाहायला सर्वांत सुंदर तेच दिसतात, हे नमूद केले पाहिजे.

नवख्यांनी सीक्वेन्स नृत्यांची वाट पाहावी. या प्रकारात साधारणपणे 16 बारांची ठरलेली रचना सर्व जोडपी एकाच वेळी करतात आणि ती पुन्हा पुन्हा येते. आर्थर मॉरिस यांनी 1900 मध्ये रचलेला व्हेलेटा हा त्यांतील जुना आणि सोपा नाच. एखाद्या फेरीत चुकलेल्याला पुढच्या फेरीत सामील होता येते. अडचण फक्त चूक ठामपणे करणाऱ्यांची असते, कारण मग संपूर्ण वर्तुळ डावीकडे जात असताना एक जोडपे उजवीकडून सर्वांना सामोरे येते. तेथील जुनी मंडळी त्यांना खांद्याला धरून अलगद फिरवतात आणि स्वतःचे पाऊल चुकू देत नाहीत.

एके काळी स्त्रीजोडीदार असल्याशिवाय पुरुषांना या जमिनीवर नाचता येत नसे. आता या वयात पुरुषच कमी पडतात आणि मैत्रिणी मैत्रिणींबरोबर नाचतात. वर्गात पुरुषांची पावले शिकलेल्या दोघी एकमेकींसमोर आल्या, की पहिल्याच ठोक्याला गुडघ्यावर गुडघा आदळतो. दोघींनी स्त्रीची पावले घेतली, तर त्या सौजन्याने एकमेकींपासून दूर जातात. यातील कोणी पुढे चालायचे हा वाद कधीकधी संपूर्ण टँगोभर चालतो आणि त्या नाचाला तो शोभतोही.

मुलांकडे इंग्लंडला आलेल्या मराठी आईवडिलांसाठी दोन सूचना कराव्याशा वाटतात. नाचाचा ओघ घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने असतो आणि आयुष्यभर देवळात उजवीकडून प्रदक्षिणा घातलेल्या पायांना हे पटत नाही. तेव्हा आधी गॅलरीत बसून काही नाच पाहावेत. तसेच मागे जाताना सहावारीच्या निऱ्या स्वतःच्याच टाचेखाली येतात, म्हणून सलवार-कमीज बरी. (नऊवारी अधिक सोयीची ठरेल असे मला वाटते, परंतु तो प्रयोग मी अद्याप पाहिलेला नाही.)

येथे जगप्रसिद्ध ब्लॅकपूल डान्स फेस्टिव्हल होतो, अशी समजूत करून घेऊन येणाऱ्यांची निराशा होईल. 1920 मध्ये सुरू झालेला तो उत्सव याच शहरातील विंटर गार्डन्सच्या एम्प्रेस बॉलरूममध्ये भरतो. चहा, सँडविच आणि स्कोन यांबद्दल सांगण्यासारखे विशेष नाही. बुटांबाबत मात्र आग्रह आहे: रबरी तळ लाकडाला चिकटतो, शरीर वळते, पाऊल वळत नाही आणि भुर्दंड गुडघ्याला पडतो. मऊ चामड्याच्या तळाचे नाचाचे बूट पिशवीतून न्यावेत, तेथे पोहोचल्यावर घालावेत आणि पहिला क्विकस्टेप बसूनच ऐकावा.