झोप मोजायला काय घ्यावं: बँड, घड्याळ, अंगठी की दवाखान्यातली एक रात्र?

ऐरोली-महापेच्या ऑफिसांत आणि घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हल्ली एक प्रश्न वरचेवर येतो: झोपेसाठी कुठलं घड्याळ चांगलं? मग ब्रँडवरून जुंपते. खरं तर आधी हे ठरवायला हवं, की झोपेतलं नेमकं काय कळून घ्यायचंय. किती तास झोपलो? गाढ झोप किती लागली? मध्ये किती वेळ जागे होतो? की घोरताना श्वास अडकतोय का? या चारही प्रश्नांची सारखीच विश्वासार्ह उत्तरं देणारं यंत्र दुकानात मिळत नाही. पैसे कुठे घालायचे, ते तुमच्या प्रश्नावरून ठरतं.

झोपेची पक्की मोजणी मेंदूवरून होते. स्लीप लॅबमध्ये डोक्याला, डोळ्यांच्या कडेला आणि हनुवटीला इलेक्ट्रोड लावतात. नाकाशी नळी, छाती-पोटावर पट्टे, बोटाला ऑक्सिजनची चिमटी. रात्रभराच्या आलेखाचे ३०-३० सेकंदांचे तुकडे पाडतात आणि जाग, हलकी झोप, गाढ झोप की रेम (डोळे भराभर हलतात ती, बहुतेक स्वप्नांची झोप), ते तंत्रज्ञ एकेक तुकडा बघून ठरवतो. मनगटावरच्या किंवा बोटातल्या यंत्राला मेंदूतलं काहीच दिसत नाही. त्याला कळते हाताची हालचाल आणि त्वचेवर प्रकाश टाकून टिपलेली नाडी. गाढ झोपेत नाडी संथ आणि एकसारखी चालते, रेममध्ये अनियमित होते. एवढ्या खुणांवरून ते अंदाज बांधतं. अर्थात लॅबही काही देव नाही. एकच आलेख दोन प्रशिक्षित माणसांना दिला, तर त्यांचं साधारण ८२-८३ टक्के तुकड्यांवर एकमत होतं. म्हणून झोपेच्या टप्प्यांबाबत ‘९५ टक्के अचूक’ अशी जाहिरात दिसली, की मी सरळ पुढे सरकतो.

झोप की जाग?

सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच, आणि जाहिरातीत नेमका हाच झाकलेला असतो. समजा, तुम्ही आठ तास अंथरुणात आहात आणि त्यातला ९० टक्के वेळ झोपलेले आहात. एखादं यंत्र काहीही न मोजता प्रत्येक मिनिटाला ‘झोप’ एवढंच लिहीत गेलं, तरी ते ९० टक्के अचूक ठरेल. म्हणून संशोधक दोन आकडे वेगळे काढतात: झोपेला झोप किती वेळा म्हटलं, आणि जागेला जाग किती वेळा म्हटलं.

२०२१ साली ‘स्लीप’ या नियतकालिकात अशी एक तुलना आली. ३४ निरोगी तरुण, समोर लॅबची मोजणी आणि बाजारातली सात यंत्रं. पहिल्या परीक्षेत सगळी उत्तम गुणांनी पास. झोपेचे ९३ टक्के किंवा त्याहून जास्त तुकडे त्यांनी बरोबर ओळखले. जागेचे तुकडे मात्र १८ ते ५४ टक्केच बरोबर आले. म्हणजे त्यातल्या चांगल्यातल्या चांगल्या यंत्रानेही जवळपास निम्मी जाग झोपेत जमा केली. कारण उघड आहे. छताकडे बघत निपचित पडलेला माणूस आणि झोपलेला माणूस यांचे हात सारखेच स्थिर असतात.

याचा हिशोब मांडून बघा. यंत्र झोप ९५ टक्के आणि जाग ४० टक्के बरोबर ओळखतं असं धरू. आठ तासांपैकी साडेसात तास झोपणाऱ्या माणसाला ते जवळजवळ ७ तास २५ मिनिटं दाखवेल. झकास. सहा तास झोपून दोन तास तळमळणाऱ्याला ६ तास ५४ मिनिटं दाखवेल, म्हणजे जवळपास एक तास फुकटचा. आणि चारच तास झोप लागलेल्याला? ६ तास १२ मिनिटं!

थोडक्यात, ज्याची झोप ठीक आहे त्याच्या मनगटावर यंत्र खरं बोलतं, आणि ज्याला खरी गरज आहे त्याची समजूत काढत बसतं. माझा एक मावसभाऊ ऐरोलीत रात्रपाळी करतो आणि दिवसा कळव्याच्या घरी झोपतो. खाली भाजीवाल्याची आरोळी, वर कुणाचं तरी ड्रिलिंग. तो वैतागून म्हणाला, “दादा, मी टक्क जागा होतो रे, आणि हे म्हणतंय मस्त झोपलास!” त्यात नवल काहीच नाही. निद्रानाश ही तक्रार असेल, तर महागड्या यंत्रापेक्षा उशाशी ठेवलेली वही अधिक कामाची: अंथरुणावर कधी पडलो, अंदाजे कधी झोप लागली, कितीदा उठलो, चहा शेवटचा कधी घेतला. डॉक्टरही आधी तीच मागतात.

गाढ झोप आणि रेम: इथे घड्याळ-अंगठीत फरक पडतो

२०२४ साली ‘सेन्सर्स’मध्ये आलेल्या अभ्यासात बॉस्टनच्या ब्रिगम अँड विमेन्स हॉस्पिटलमध्ये ओउरा अंगठी (तिसरी पिढी), फिटबिट सेन्स २ आणि अ‍ॅपल वॉच सिरीज ८ ही तिन्ही एकाच रात्री ३५ जणांना घालायला लावली होती. झोप ओळखण्यात तिन्ही ९५ टक्क्यांच्या वर. टप्प्यांत मात्र फाटे फुटले. प्रत्येक टप्पा ओळखण्यात अंगठी ७६ ते ८० टक्क्यांच्या दरम्यान राहिली, फिटबिट ६२ ते ७८ आणि अ‍ॅपल ५० ते ८६. अ‍ॅपलने गाढ झोप सरासरी ४३ मिनिटांनी कमी दाखवली आणि हलकी झोप ४५ मिनिटांनी जास्त. फिटबिटने गाढ झोप १५ मिनिटांनी कमी सांगितली.

तेव्हा अंगठी जिंकली म्हणायचं का? हो, पण त्या अभ्यासाला पैसा ओउरानेच दिला होता. आकडे खोटे आहेत असं मी म्हणत नाही. पद्धत नीट होती. पण २०२३ मध्ये कोरियात ७५ जणांवर अकरा साधनांची तुलना झाली, तेव्हा पहिली आली ती मोबाईलच्या माइकवरून झोप ऐकणारी एक अ‍ॅप, आणि संशोधकांत त्याच अ‍ॅपच्या कंपनीची माणसं होती. ज्याच्या अंगणात सामना, त्याचा संघ जरा बरा खेळतोच.

दोन्हीकडे दीड-दोन हजारांचे बँड तपासलेलेच नव्हते. त्यांचं गाढ झोपेचं रंगीत वर्तुळ सुंदर दिसतं. ते कशाशी ताडून पाहिलंय, ते डब्यावर लिहिलेलं नसतं. म्हणून बँड घ्याच, पण झोपायची-उठायची वेळ आणि एकूण तास एवढ्यापुरताच. टप्प्यांचा पडदा उघडूच नका. महाग यंत्रांतही एका रात्रीच्या गाढ झोपेच्या आकड्याला माझ्या लेखी फारशी किंमत नाही. त्याच यंत्राची महिन्याभराची सरासरी पुढच्या महिन्याशी ताडली, तर काही बोध होतो. बँड बदलून अंगठी घेतली, की जुने आकडे विसरायचे; दोघांची तुलना होत नाही.

आणखी एक. अशा अभ्यासांतली माणसं सहसा निरोगी आणि तरुण किंवा मध्यमवयीन असतात. सत्तरीतल्या, नाडी मंदावणारी रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या किंवा हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या माणसावर हेच आकडे लागू होतील असं धरू नका. मनगटावर गोंदण असेल, तर तिथे प्रकाश अडतो आणि नाडीच नीट मिळत नाही. गावाकडून राहायला आलेल्या आजीच्या हातावर घड्याळ बांधणाऱ्या नातवंडांनी हे लक्षात ठेवावं.

वापरायला कोणतं सोयीचं?

अ‍ॅपल वॉच सिरीज ८ ची बॅटरी कंपनीच्याच हिशोबाने १८ तास. पहाटेची लोकल पकडणाऱ्याने ते चार्ज करायचं कधी? आंघोळीला जाताना लावायची सवय असेल तरच जमतं. बँड आणि अंगठ्या काही दिवस सहज चालतात. मे महिन्याच्या घामात पट्टा सैल करावासा वाटतो, आणि पट्टा सैल झाला की नाडी हुकते. तिथे अंगठी बरी. पण बोटंही उकाड्यात फुगतात, म्हणून मापाच्या नमुना अंगठ्या मागवून दोन दिवस घालून बघितल्याशिवाय वीस-तीस हजारांची अंगठी घेऊ नका. गादीखाली ठेवून झोप मोजणाऱ्या चटया मी बादच करतो. आपल्याकडे एका गादीवर आई, बाबा आणि मध्ये पोर असतं.

रात्रपाळीवाल्यांनी आणि लोकलमध्ये डुलकी काढणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी: दिवसाची आणि तुकड्यातुकड्यांची झोप नोंदली जाते का? फिटबिट, उदाहरणार्थ, तासभर हालचाल नसली की झोप धरतं, आणि टप्पे दाखवायला किमान तीन तासांची झोप लागते. ठाणे ते वाशी विंडो सीटवर लागलेला डोळा त्याच्या हिशोबात नाही.

घोरणं असेल तर

घोरताना श्वास थांबतो, माणूस दचकून उठतो, दिवसा बसल्याजागी पेंगतो, अशी लक्षणं असतील तर प्रश्न ताशी श्वास किती वेळा अडतो याचा आहे. तासाला ५ ते १५ वेळा म्हणजे सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. सॅमसंग आणि अ‍ॅपल या दोघांच्या घड्याळांतल्या स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास अडण्याचा आजार) ओळखण्याच्या सोयीला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध-उपकरण नियामकाने, २०२४ मध्ये परवानगी दिली. अ‍ॅपलच्या स्वतःच्या चाचणीत मध्यम ते तीव्र त्रास असलेल्या तिघांपैकी साधारण दोघांनाच सूचना आली. तेवढा त्रास नसलेल्यांना चुकून आली ती शंभरात एक-दोघांनाच. म्हणजे सूचना आली तर डॉक्टरकडे जायलाच हवं. नाही आली, तर त्यावरून ‘बाबांना काही नाही’ असं ठरवायचं नाही. घेण्याआधी ही सोय भारतातल्या मॉडेलवर चालते का, ते दुकानातच उघडून बघा. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या अकादमीने २०१८ मध्येच सांगितलंय, की अशा ग्राहकोपयोगी साधनांवरून झोपेच्या आजाराचं निदान करू नये.

त्यापेक्षा डॉक्टरांच्या सल्ल्याने घरी करायची तपासणी बघा. नाकाशी नळी, छातीला पट्टा, बोटाला चिमटी, आणि रात्र आपल्याच घरात. तिच्यात मेंदूचा आलेख नसतो, त्यामुळे जागेपणाचे तासही हिशोबात धरले जातात आणि ताशी आकडा थोडा कमी येऊ शकतो. ती नकारात्मक आली आणि त्रास चालूच राहिला, तर मग दवाखान्यातली पूर्ण रात्र. नव्या घड्याळासाठी बाजूला काढलेले पैसे घोरणाऱ्या वडिलांसाठी इथेच घाला.

बाकी कुणाला काय? तास आणि वेळा बघायच्या असतील तर बँड पुरे. येऊरच्या रस्त्यावर पळणाऱ्याकडे घड्याळ असेलच, त्यालाच रात्री घालावं. टप्प्यांचं कुतूहल असेल आणि पैशाची अडचण नसेल, तर अंगठी. काहीही घ्या, पण परत करायची मुदत संपण्याआधी एक प्रयोग करा. रात्री आडवं होऊन अर्धा-पाऊण तास अजिबात न हलता पुस्तक वाचा, दिवा मालवल्याची वेळ लिहून ठेवा, आणि सकाळी यंत्राने झोप कधीपासून धरली ते बघा. तीन-चार रात्री ती वेळ पुस्तक उघडल्यापासूनचीच निघाली, तर पावती अजून सापडतेय का ते शोधा.