स्लॅशची लेस पॉल की गिलमोरची स्ट्रॅट? भाच्यासाठी गिटार निवडताना

भाचा बारावी झाला आणि आता इलेक्ट्रिक गिटार हवी म्हणून मागे लागलाय. इंदिरानगरच्या त्याच्या खोलीत दारामागे ‘गन्स एन’ रोझेस’चा गिटारवादक स्लॅश याचं पोस्टर आहे, तेव्हा हवी कुठली हे विचारायची सोयच नाही: गिब्सन कंपनीची लेस पॉल. मी स्वतः कैक वर्षं स्ट्रॅट, म्हणजे फेंडरची स्ट्रॅटोकास्टर, वाजवतो. माझा कल कुठे असणार हे वाचणाऱ्याने धरूनच चालावं.

आपल्या खिशाला परवडणारी लेस पॉल म्हणजे गिब्सनच्याच घरची एपिफोन आणि स्ट्रॅट म्हणजे फेंडरच्या घरची स्क्वायर. मूळ घाट जुनेच, एक १९५२चा, दुसरा १९५४चा.

पहिला फरक हाताला कळतो. लेस पॉलची स्केल (तारेची वाजणारी लांबी) पावणेपंचवीस इंच, स्ट्रॅटची साडेपंचवीस. पाऊण इंचाने काय होतंय असं वाटेल; पण त्याच जाडीच्या तारा लेस पॉलवर जरा सैल बसतात आणि नवशिक्याला बेंड (तार बाजूला ओढून सूर चढवणं) सोपा जातो. हा गुण लेस पॉलचा, मान्य. पण चारेक किलोचं ते धूड पट्ट्याने खांद्यावर घेऊन तासभर उभं राहून बघा. शिवाय तिचं डोकं (खुंट्यांचा भाग) मागे कललेलं असतं. गिटार स्टँडवरून पाठीवर पडली की मान नेमकी तिथेच मोडते. स्ट्रॅटची मान चार स्क्रूंवर असते. अगदीच वेळ आली तर बदलता येते.

दुसरा फरक घरी आणल्यावर कळतो. स्ट्रॅटच्या पिकअपमध्ये (तारेची थरथर विजेत बदलणारा भाग) एकच कॉइल असते आणि ती आसपासच्या विजेची गुणगुण उचलते. माझ्या खोलीत जुना चोकवाला ट्यूबलाइट लावला की ॲम्पमधून घूंऽऽ सुरू. खुर्ची जरा तिरकी फिरवली की कमी होतं, त्यामुळे मी वर्षानुवर्षं कपाटाकडे तोंड करून वाजवतोय. लेस पॉलच्या हंबकर पिकअपमध्ये दोन कॉइल एकमेकींची गुणगुण मारतात. डिस्टॉर्शन (मुद्दाम फाटका केलेला आवाज) लावून रॉकच वाजवायचं असेल तर हंबकरला तोड नाही. स्वच्छ, खणखणीत, काचेसारखा आवाज हवा असेल तर मात्र स्ट्रॅटच.

आता पोस्टरकडे येऊ. ‘अ‍ॅपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन’ हा अल्बम (१९८७) स्लॅशने बहुतांश ज्या गिटारवर रेकॉर्ड केला, ती गिब्सनची नव्हतीच. क्रिस डेरिग नावाच्या कारागिराने बनवलेली लेस पॉलची नक्कल होती. भाच्याला हे सांगितलं तर तो दोन दिवस बोलला नाही. जिमी पेज म्हणजे लेस पॉल असं आपण धरून चालतो, पण लेड झेपेलिनचा १९६९चा पहिला अल्बम त्याने मुख्यतः फेंडरच्या टेलिकास्टरवर वाजवला. माझ्या बाजूची कथाही वेगळी नाही. ‘पिंक फ्लॉइड’च्या डेव्हिड गिलमोरची काळी स्ट्रॅट २०१९ला लिलावात ३९ लाख ७५ हजार डॉलरना गेली. तिची मान, पिकअप, ब्रिज (खालच्या टोकाला तारा टेकतात तो भाग) त्याने इतक्या वेळा बदलले होते की दुकानात ‘गिलमोरची गिटार’ मागायची म्हणजे नक्की कुठल्या वर्षीची? ‘क्वीन’च्या ब्रायन मेने तर वडिलांबरोबर जुन्या शेकोटीच्या लाकडातून स्वतःची गिटार घडवली आणि प्लेक्ट्रमऐवजी (तारा छेडायचा छोटा तुकडा) नाणं वापरलं. ते पोस्टर लावलं असतं तर आम्ही आज सुताराकडे बसलो असतो.

कुणी गायक एड शीरनचं बघून छोटी अकूस्टिक घ्यायची म्हणत असेल तर होस्टेलवर राहणाऱ्याला ती खरंच सोयीची. फक्त आपल्याकडचा मे कोरडा आणि जुलै दमट, हे लक्षात ठेवा. पावसाळ्यात लाकूड फुगतं, तारा फ्रेटपासून (मानेवरच्या आडव्या पट्ट्या) वर जातात आणि बोटं दुखायला लागतात. उन्हात गाडीच्या डिकीत तर मुळीच ठेवू नका, डिंक सुटतो.

भाच्यासाठी मला तिसराच पर्याय पटतोय: यामाहाची पॅसिफिका ११२. घाट स्ट्रॅटचा, पण ब्रिजजवळ हंबकर, म्हणजे दोघांचंही थोडं थोडं भागतं. बजेटचा तिसरा हिस्सा ॲम्पसाठी वेगळा काढलाय, कारण भिकार ॲम्पवर सगळ्याच गिटारी सारख्या वाजतात. शनिवारी कॉलेज रोडला जाऊन तिन्ही वाजवून बघणार आहोत. गिटार सगळीकडे सुरात लागते का हे बघायला बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून काढलेला सूर जुळतो का, हे प्रत्येक तारेवर तपासायचं काम त्याच्याकडे दिलंय.