शॉर्ट डिस्क आठ महिने वापरल्यावर: भातानंतरचं वालाचं रान आणि मे महिन्यातला तरवा

गेल्या नोव्हेंबरात आम्ही तिघा शेजाऱ्यांनी मिळून दीड मीटरचा शॉर्ट डिस्क घेतला, म्हणजे ट्रॅक्टरमागे ओढायचं, गोल लोखंडी तव्यांनी माती हलवणारं अवजार. पुढच्या रांगेत सहा तवे, मागच्या रांगेत सहा, कडा दातेरी आणि मागे पिंजऱ्यासारखा रोलर. ट्रॅक्टर ४५ एचपीचा. जमीन अलिबाग तालुक्यात पोयनाडकडची, भारी आणि चिकट. भात निघालं की त्याच रानात अंगओलितावर, म्हणजे जमिनीत उरलेल्या ओलीवर, वाल, ही आमच्याकडची पिढ्यांची रीत. एक भात-वाल आणि एक तरवा (भाताची रोपवाटिका) असे दोन्ही हंगाम झाल्यावरच लिहायचं ठरवलं होतं, म्हणून आज लिहितोय.

आधी आम्ही रोटर (फिरत्या पात्यांचा रोटाव्हेटर) मारायचो. रान दिसायला मैद्यासारखं व्हायचं, पण दोन दिवसांच्या उन्हात वरची चार बोटं कोरडी पडायची. पाणी द्यायची सोय नाही, त्यामुळे वाल उगवला तर उगवला. वर्षानुवर्षं एकाच खोलीवर पाती फिरल्याने खाली टणक थरही बसला होता. कुदळ मारली की कळायचं.

शॉर्ट डिस्कचं काम वेगळं. भात कापल्यावर धसकटं उभी असतात, ती तवे तोडतात आणि वरच्या तीन-चार इंचांच्या मातीत मिसळतात. पुढची रांग माती एका बाजूला फेकते, मागची उलट बाजूला, आणि रोलर ढेकळं फोडून वरून दाबतो. खरी गंमत या दाबण्यात आहे. माती बियाला चिकटून बसते आणि ओल निसटत नाही. पेरणीनंतर पाचव्या दिवशी सकाळी मी रानात बसून बोटाने उकरलं. रोलरच्या पट्ट्यांचे ठसे अजून तसेच होते. अर्धा इंच माती कोरडी, खाली गार आणि काळी, आणि त्या गारव्यात वालाच्या दाण्याला पांढरा मोड. एवढी सारखी उगवण मी आमच्या रानात आधी पाहिली नव्हती. जानेवारीत भांबुर्डीच्या पाल्यात शेंगा भाजायची पोपटी लावली तेव्हा त्या शेंगा घरच्याच होत्या, दोन मडकी भरून.

पण एक चूक झाली, ती सविस्तर सांगतो, कारण हे अवजार घेणारा प्रत्येक जण ती करू शकतो. पहिल्याच दिवशी घाई केली. वरची दोन खाचरं वाफशावर, म्हणजे मशागतीजोगत्या ओलीवर, होती, खालच्या पट्टीत मात्र ओल जास्त. आता ट्रॅक्टर आलाच आहे तर तेही उरकू, म्हणून घातला. दहा मिनिटांत रोलर चिखलाने भरून ढोलासारखा झाला. तासभर कोयत्याने खरवडत बसलो. ती पट्टी नंतर वाळून पापडासारखी तडकली, आणि तिथला वाल शेवटपर्यंत विरळच राहिला. तेव्हापासून नियम केलाय: चार इंच खालची माती मुठीत दाबायची आणि कमरेच्या उंचीवरून सोडायची. फुटली तर जायचं. गोळा तसाच राहिला तर घरी परतायचं, मग भाड्याचा ड्रायव्हर कितीही वैतागो.

वेगाचंही समजून घ्या. तव्यांना माती नीट फेकायला ताशी दहा-बारा किलोमीटर तरी वेग हवा. आमच्या वीस-पंचवीस गुंठ्यांच्या खाचरांत तेवढी धाव मिळतच नाही, सहा-सातवर भागवतो आणि दुसरा फेरा तिरपा मारतो. कोपरे राहतात ते राहतातच. ते पॉवर टिलरने किंवा कुदळीने करायचे. लहान लहान कुणगे (भातशेतीचे तुकडे) असतील तर हे अवजार एकट्याने घेऊ नका.

मे महिन्यातल्या तरव्याचा अनुभव मिश्र आहे. तडकलेल्या सुक्या जमिनीत तवे नुसते खरडत वरून जातात, वजन कमी पडतं. वळवाची एक चांगली सर झाली, दोन दिवस थांबलो, मग छान काम झालं. राब (पालापाचोळा, शेण पसरून) भाजलेल्या तुकड्यात मात्र मी तवे खोल जाऊ दिले नाहीत. भाजणीने वरच्या थरातलं तणाचं बी मरतं. खोल गेलात तर खालचं जिवंत बी पुन्हा वर येईल आणि भाजणीची सगळी मेहनत वाया. तिथे दीड इंच, एकच फेरा.

बनावटीत एक गोष्ट मनापासून आवडली. प्रत्येक तवा स्वतंत्र दांड्यावर आहे आणि दांड्याच्या बुडाशी रबर. बांधाजवळ धोंडा लागला तर तेवढाच तवा उचलला जातो आणि परत खाली बसतो. जुन्या हॅरोत सगळे तवे एका आसावर, धोंडा आला की अख्खी रांग अधांतरी.

तक्रार बेअरिंगची. फेब्रुवारीत एका तव्याचं बेअरिंग जाम झालं. सील फाटून आत माती गेली होती. विक्रेत्याने 'आठवड्यात येईल' सांगितलं आणि पार्ट यायला सव्वा महिना लागला. हे हंगामात झालं असतं तर वालाची ओल निघून गेली असती. घेतानाच दोन बेअरिंग आणि सील जास्तीचे मागून घ्या, बिलात लिहून घ्या.

खाऱ्या हवेत तव्यांवर आठ दिवसांत तांबेरा चढतो. म्हणून काम संपलं की धुऊन, पुसून, जुन्या ऑइलचा हात मारतो. सध्या लावणी उरकली आहे, डिस्क पडवीत ओंडक्यांवर उभा आहे. येत्या नोव्हेंबरात खालची पट्टी सगळ्यात शेवटी धरणार.