ला रिझर्व्ह आमच्या ताटासोबत : काही महिन्यांचा अनुभव

ग्रोव्हर झाम्पाची ‘ला रिझर्व्ह’ ही रेड वाइन गेल्या पावसाळ्यापासून आमच्या घरी नेमानं येते. बेळगावचा पाऊस, त्यानंतरची थंडी आणि आता चैत्रातला उकाडा, तिन्ही ऋतूंत ती पिऊन झाली, म्हणून आता लिहितोय. वाइन चांगली आहे, मनापासून आवडली आहे. पण समीक्षकांचं वाचून कुणी बाटली आणली आणि तशीच उघडून ओतली, तर त्याला ती निम्मीसुद्धा कळायची नाही. समीक्षक थंड खोलीत बसतात, नुसती वाइन घोटभर तोंडात घोळवतात आणि थुंकून टाकतात. आपण ती जेवताना पितो, आणि आपलं जेवण तिखट असतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ही वायनरी आपल्याच कर्नाटकातली, नंदी हिल्सच्या पायथ्याशी दोड्डबळ्ळापूरजवळ. कंवल ग्रोव्हर यांनी ती १९८८ मध्ये सुरू केली. पुढे फ्रान्समधल्या बोर्दोचे वाइनतज्ज्ञ मिशेल रोलाँ सल्लागार म्हणून आले. २०१२ मध्ये नाशिककडची झाम्पा त्यांच्यात मिसळली आणि जोडनाव झालं. ला रिझर्व्ह ही कॅबर्ने सोव्हिन्यों आणि शिराझ या दोन काळ्या द्राक्षांचं मिश्रण, ओकच्या पिंपात मुरवलेली. १९७६ साली पॅरिसमध्ये ज्यांच्या चाचणीत कॅलिफोर्नियाच्या वाइननं फ्रेंचांना मागं टाकलं, त्या स्टीव्हन स्परियर यांनीही हिची तारीफ केली होती.

तारीफ करणारे लिहितात काळ्या फळांचा वास, व्हॅनिला, मसाला. नाक मुरडणारे लिहितात हिरव्या ढबू मिरचीचा वास, थोडी कच्ची तुरटी. मला दोन्ही सापडलं, एकाच बाटलीत. उघडल्या उघडल्या ढबू मिरची येते, हे खरं आहे. अर्ध्या तासानं ती मागं सरते आणि पिकलेल्या जांभळाची साल चावल्यावर येते तशी तुरट गोडी पुढं येते. व्हॅनिला ओकमधूनच उतरते, ती शेवटच्या घोटापर्यंत राहते. म्हणून बाटली उघडून लगेच मत बनवू नका, एवढं तरी कराच.

ढबू मिरचीचं कारण मला शेतामुळं कळलं. आमची द्राक्षबाग अथणी तालुक्यात, बहुतेक माल बेदाण्याला जातो. आपल्याकडं वेलीला दोनदा कात्री लागते, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी. वाइनच्या द्राक्षालाही इथं हेच करावं लागतं, कारण युरोपसारखी हिवाळी झोप आपल्या वेलीला मिळत नाही. तिकडं सप्टेंबर-ऑक्टोबरात हवा थंड होत जाते आणि द्राक्ष सावकाश पिकतं. आपल्याकडं फेब्रुवारी-मार्चात ऊन रोज चढतं. साखर भराभर वाढते, साल आणि बी मात्र मागं राहतात. ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं माप, बघून माल उतरवला तरी सालीत हिरवेपणा उरू शकतो, आणि कॅबर्नेत तो वास मुळातच जास्त असतो. नंदी हिल्सला उंचीमुळं रात्री गार असतात, त्याचा वाइनच्या आंबटपणाला फायदा होतो. अथणीच्या मार्चात कॅबर्ने कशी पिकली असती, हा विचार मला प्रत्येक पेल्यासोबत येतो. खाण्याच्या द्राक्षाला आपण जीए, म्हणजे जिबरेलिक ॲसिड हे वाढीचं संजीवक, देऊन मणी फुगवतो. वाइनवाल्याला मणी बारीकच हवा, कारण रंग आणि तुरटी सालीत असते, रसात नव्हे. हे समजल्यावर ला रिझर्व्हचा गडद रंग बघायला वेगळीच मजा येते.

आता जेवणाचं, कारण महिनोन्‌महिने आम्ही खरं तर हेच शोधत होतो. पहिले काही रविवार वाइन मटणासोबत कडू लागायची. शेजारचे सुभेदारसाहेब मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले, त्यांची सगळी हयात कँटीनच्या रमवर गेली. त्यांनी एक घोट घेऊन सांगितलं, “तुरट लागूलंय की हे, आणि वरनं जाळ.” त्यांचं बरोबर होतं. तिखटानं तोंड पोळलेलं असलं की वाइनमधला अल्कोहोल जास्त झोंबतो आणि तुरटीही टोकदार होते. आमच्या सुक्क्यात संकेश्वरी मिरची असायची. पुढच्या खेपेला घरच्यांनी मसाला ब्याडगीचा केला, जोडीला सुकं खोबरं आणि तीळ वाढवले, मटण थोडं चरबीचं घेतलं. रंग तोच लालभडक, तिखट निम्मं. त्या दिवशी ला रिझर्व्ह पहिल्यांदा नीट उमगली. चरबी आणि मांस तुरटीला ओढून घेतात, मग मागं राहतं ते फळ आणि मसाला. सुभेदारसाहेबांनी दुसरा पेला स्वतः मागून घेतला. त्यांच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे, आणि माझ्या लेखी कुठल्याही गुणांकनापेक्षा मोठी.

पांढऱ्या रश्शासोबत मात्र ही वाइन नको. नारळाच्या दुधावर ती धातूसारखी लागते, निदान आमच्या जिभेला. तिथं ग्रोव्हरचीच व्हिओनिये ही पांढरी वाइन छान जाते. तिला फुलांचा आणि जर्दाळूचा वास आहे, आणि आंबटपणा बेताचा, त्यामुळं नारळाशी भांडत नाही. भाकरी, भरलं वांगं आणि शेंगाचटणी असेल तर माझी पसंती व्हिओनियेलाच. चुलतभाऊ ऐकत नाही. तो अकलूजच्या फ्रातेल्ली वायनरीची ‘सेत्ते’ ही रेड आणतो. तीही पिंपात मुरवलेली, सांजोव्हेजे या इटालियन द्राक्षाची आणि कॅबर्नेची. त्याचं म्हणणं, सोलापूरच्या मातीत आलेलं द्राक्ष ज्वारीशी जास्त जुळतं. मातीचं मला पटत नाही, पण सांजोव्हेजेचा आंबटपणा वांग्याच्या तेलाला कापतो हे मान्य. वहिनींना यातलं काहीच नको, त्यांना थंडगार रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, आणि वर दाण्याचं कूट घातलेली काकडीची कोशिंबीर. खाऊन बघा, खरंच जमतं.

तापमानाबद्दल कळकळीनं सांगतो. रेड वाइन ‘रूम टेंपरेचर’ला प्या असं सगळीकडं छापलेलं असतं. ती रूम युरोपातली, १६ ते १८ अंशांची. बेळगावात डिसेंबरात तसं जमून जातं, पण एप्रिलात अथणीला घरात बसूनसुद्धा घाम निथळतो. त्या उकाड्यात ला रिझर्व्ह उघडली तर नुसता अल्कोहोल नाकात शिरतो. बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, मग काढून ओता. एवढ्यानं इतका फरक पडतो की दोन वेगळ्या बाटल्या वाटतात. मला वाटतं, आपल्याकडं भारतीय रेडला ‘जळजळीत’ म्हणून नावं ठेवणाऱ्या बऱ्याच लोकांनी ती फक्त गरम प्यायलेली असते.

दुकानाचंही तेच. इथल्या एका दुकानात बाटल्या काचेच्या दर्शनी कपाटात उभ्या, दुपारचं ऊन थेट वर. तिथून आणलेल्या बाटलीला उकडलेल्या मनुक्यांचा वास होता, बूच थोडं वर आलेलं. ती ओतून द्यावी लागली. तेव्हापासून मी आतल्या खोलीतली बाटली मागतो आणि बूच बघतो. लेबलवरचं वर्षही बघतो. ला रिझर्व्ह काही वर्षं टिकते, पण व्हिओनिये आणि सोव्हिन्यों ब्लाँ या पांढऱ्या वाइन ताज्याच घ्याव्यात, दोन वर्षांपेक्षा जुन्या नकोत.

आणि पहिल्यांदाच घेणार असाल तर एक सोय पाहा. आपल्या भागात वाइन म्हटलं की अजून बहुतेकांना गोव्याची गोड पोर्टच आठवते. तसा घोट अपेक्षून ला रिझर्व्ह घेतली तर कडू तोंड होणार. गोडाची सवय असलेल्या पाहुण्यांना आम्ही आधी शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन देतो, ती थोडी गोडसर असते आणि तिखटालाही सांभाळून घेते. रेड जेवणासोबतच काढतो, आधी नाही. उरली तर बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी ती बहुधा जास्त मऊ लागते, चौथ्या दिवसानंतर मात्र मटणाच्या मॅरिनेशनला वापरा.