कॅल्विनच्या घराचा प्लॅन काढता काढता : 'द कम्प्लीट कॅल्विन अँड हॉब्ज' बॉक्स सेट

'कॅल्विन अँड हॉब्ज' ही वृत्तपत्रांत रोज येणारी अमेरिकन कॉमिक स्ट्रिप, कॅल्विन हा सहा वर्षांचा पोरगा आणि हॉब्ज हा त्याचा वाघ, बाकीच्यांना कापडी खेळणं, त्याला जिवंत. तिचा हा सेट घेऊन मला दोन वर्षं झाली आणि परवा दुसऱ्यांदा पूर्ण वाचून संपवला म्हणून लिहितेय. पहिल्यांदा सगळे वाचतात तसाच वाचला, हसले, त्या जखमी रकूनच्या पिल्लाच्या गोष्टीला रडले. दुसऱ्या वेळी मात्र शेजारी ग्राफ पेपर आणि पेन्सिल घेऊनच बसले, कारण मला कॅल्विनच्या घराचा प्लॅन काढायचा होता. जिना कुठून वर जातो, स्वयंपाकघर कुठल्या अंगाला, पोराच्या खोलीची खिडकी रस्त्यावर उघडते की मागच्या जंगलावर, हे सगळं. एखादी कॉमिक स्ट्रिप इतकी आवडली की माणसाला त्या घरात शिरून फिरावंसं वाटतंच, आणि ज्यांना तसं वाटतं त्यांच्यासाठीच हा रिव्ह्यू आहे, बाकीच्यांना जोक कसे आहेत हे सांगायची काही गरज नाही.

आधी वस्तूबद्दल सांगते. हार्डबाउंड तीन भाग, जाड स्लिपकेस, चौदाशेहून जास्त पानं, वजन साधारण दहा किलो. २००५ साली आला. १८ नोव्हेंबर १९८५ ला पहिली स्ट्रिप आणि ३१ डिसेंबर १९९५ ला शेवटची, मधल्या सगळ्या मिळून ३१६०, एकही न गाळता क्रमाने लावलेल्या, आणि रविवारच्या रंगीत. पहिल्या भागाच्या सुरुवातीला ही स्ट्रिप काढणाऱ्या बिल वॉटरसनने स्वतः लिहिलेली मोठी प्रस्तावना आहे, ती आधी नाही वाचली तरी चालेल पण नंतर नक्की वाचा. कागद जाड आहे, मागच्या पानाची शाई पुढे दिसत नाही. माझ्या सेटचा बॉक्स आला तेव्हा त्याचा एक कोपरा पार चेपला होता आणि आतल्या तिसऱ्या भागाचं कव्हरही दुमडलं होतं, ज्या ऑनलाइन दुकानातून घेतला त्यांनी बदलून द्यायला तीन आठवडे लावले, फोटो मागवले, परत मागवले. एवढं वजनदार पुस्तक नुसत्या पातळ खोक्यात घालून पाठवायचं म्हणजे काय म्हणायचं! ऑर्डर करताना पॅकिंगबद्दल आधीच विचारून घ्या.

आता मुद्दा. हे काम सुटी पुस्तकं घेऊन का जमत नाही आणि या सेटमध्येच का जमतं, तर क्रमामुळे. एखादी खोली १९८६ मध्ये कशी काढलीय आणि १९९४ मध्ये कशी, हे पहिला आणि तिसरा भाग टेबलावर शेजारी उघडून ठेवला की लगेच कळतं. वॉटरसन सुरुवातीला आठवड्यातल्या दिवसांच्या छोट्या स्ट्रिपमध्ये खोली अशी जवळजवळ काढतच नाही. जमिनीची एक रेघ, बाबांची आरामखुर्ची, बाजूला दिवा, झालं. त्याच्यावरून प्लॅन काय काढणार? खुर्ची एका दिवशी डावीकडे तोंड करून, दुसऱ्या दिवशी उजवीकडे. पलंगाचंही तेच, उशी कधी या टोकाला कधी त्या टोकाला, बोलणारा आधी कोण आणि संवादाचा फुगा कुठे बसवायचा यावर सगळं ठरतं. मी पहिल्या भागात चार कागद फाडले.

मग पद्धत बदलली. खोल्या काढायच्या सोडून दिल्या आणि फक्त हालचाल बघायला लागले, कोण कुठून पळत येतं, कुठे आपटतं, किती वेळात पोचतं. आणि इथे मजा आली बघा, कारण वस्तू हलतात पण हालचाल बदलत नाही!

पुढचं दार घ्या. कॅल्विन शाळेतून येतो, दार उघडतो, 'आलो' म्हणतो आणि आतून हॉब्ज झेप घेऊन त्याला उडवत बाहेर अंगणात नेतो. हे दहा वर्षांत कितीतरी वेळा आहे. आता विचार करा, दार आत उघडतं आणि वाघ सरळ रेषेत, पूर्ण वेगात येतो. म्हणजे दाराच्या समोर लगेच भिंत असूच शकत नाही, जिन्याची पहिली पायरीही अगदी तोंडावर नको, दारामागे लांब मोकळा पट्टा हवा. माझ्या कागदावर पहिली पक्की रेघ ती पडली. पुढच्या सगळ्या खोल्या मी त्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना लावल्या, आणि बैठकीची खोली, म्हणजे फायरप्लेस, टीव्ही आणि ती खुर्ची, एका बाजूला बसली तशी बसलीच, पुन्हा हलवावी लागली नाही.

दुसरी गाडीची गोष्ट. कॅल्विन आणि हॉब्ज गाडी ढकलून गॅरेजच्या बाहेर काढायला जातात आणि ती थांबतच नाही, घरंगळत रस्ता ओलांडून पलीकडच्या चरात जाऊन पडते. वाचताना आपण कॅल्विनच्या पोटात आलेला गोळा बघतो, पण प्लॅनवाल्या माणसाला त्यात तीन गोष्टी मिळतात. एक म्हणजे घर रस्त्यापेक्षा उंचावर आहे आणि ड्राइव्हवेला चांगला उतार आहे. दुसरं, रस्ता वर्दळीचा नाही, नाहीतर ती गाडी पलीकडे पोचलीच नसती. आणि तिसरं, बरोबर समोर कुणाचं घर नाही, चर आहे. म्हणजे वस्तीच्या कडेचं घर. त्याच्या वर्गातली सूझी त्याच रस्त्यावर जवळपास राहते, पण समोर नाही. हे लक्षात आलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मी उठून पहिल्या भागातल्या घराबाहेरच्या सगळ्या चौकटी परत बघितल्या.

जंगलाचं अंतर रकूनच्या गोष्टीतून काढलं. कॅल्विनला पिल्लू जंगलात सापडतं, तो धावत जाऊन आईला बोलावतो, ती लगेच त्याच्यामागे येते, मग ते पिल्लू बुटांच्या खोक्यात घालून गॅरेजमध्ये ठेवतात. सहा वर्षांचं पोर एकटं जाऊन येतं आणि आई हातातलं काम टाकून चालत पोचते, म्हणजे जंगल परसाला लागूनच, मध्ये रस्ता नाही. बर्फावरची घसरगाडी आणि लाल वॅगन दोन्ही ज्या टेकडीवरून सुटतात ती पण त्याच बाजूला धरावी लागते. बर्फाच्या राक्षसांच्या गोष्टीत पोरगं रात्री नळी घेऊन त्यांच्यावर पाणी मारून त्यांना गोठवतं, म्हणजे बाहेरच्या भिंतीला नळ आहे आणि ऐन थंडीत तो चालू आहे, हे मी प्लॅनवर छोट्या गोलाने दाखवलंय.

आता हे घर आहे कुठे? गावाचं नाव कुठेच येत नाही, आई-बाबांनाही नावं नाहीत, हे वॉटरसनने मुद्दाम केलंय. पण तो स्वतः ओहायोमधल्या चॅग्रिन फॉल्समध्ये वाढला, क्लीव्हलँडजवळचं लहान गाव, नदी आणि धबधबा असलेलं. जन्म वॉशिंग्टनचा, १९५८ चा, आणि कुटुंब त्या गावात राहायला आलं तेव्हा तो सहा वर्षांचा होता. कॅल्विन दहा वर्षं सहाच वर्षांचा राहतो! वडील पेटंटचे वकील, कॅल्विनचे बाबाही तेच. १९८८ च्या एका संग्रहाच्या मागच्या कव्हरवर तर राक्षसाएवढा कॅल्विन चॅग्रिन फॉल्सच्या चौकात धुमाकूळ घालतोय आणि त्याच्या हातात तिथलं खरंखुरं पॉपकॉर्नचं दुकान उचललेलं आहे. म्हणून माझं मत असं की हवा, झाडं, बर्फ आणि पानगळ तिथली, घर मात्र मनातलं. ज्यांना पत्ताच हवा असतो त्यांना हे पटणार नाही, पण पत्ता द्यायचा असता तर त्याने तो दिला असता.

रविवारच्या पानांबद्दल वेगळं सांगायला हवं. १९९१ मध्ये त्याने मोठी सुटी घेतली आणि १९९२ मध्ये परत आला तेव्हा रविवारचं अख्खं अर्धं पान एकसंध हवं, संपादकांनी चौकटी तोडायच्या नाहीत, अशी अट घातली. सेटमध्ये तो बदल पान उलटताना दिसतो, एकदम श्वास घ्यायला जागा होते, झाडांची खोडं पानाच्या वरपासून खालपर्यंत येतात. घराबाहेरचा माझा नकाशा जवळजवळ सगळा या पुढच्या पानांवर उभा आहे.

वरच्या मजल्यावर मात्र मी हरले असं नाही म्हणणार, थांबले. कॅल्विनची खोली, आई-बाबांची खोली, बाथरूम, तिन्ही वर आहेत. पण कॅल्विनची खिडकी एका गोष्टीत जिथे हवी तिथे धरली तर दुसऱ्या गोष्टीत पलंगाला जागाच उरत नाही. सुरुवातीला मला ही चूक वाटली. मग आठवलं की वॉटरसनला जॉर्ज हेरिमनची 'क्रेझी कॅट' ही जुनी कॉमिक स्ट्रिप फार प्रिय होती, आणि तिच्यात तर अ‍ॅरिझोनाच्या कोकोनिनो काउंटीतले डोंगर आणि झाडं एका चौकटीतून दुसरीत जाईपर्यंत बदलतात, पात्रं जागच्या जागी असली तरी. 'पीनट्स'वाल्या शुल्झनेही स्नूपी कुत्र्याच्या एवढ्याशा घरात व्हॅन गॉगचं चित्र आणि पूल टेबल असल्याचं सांगितलं आणि आत काय आहे ते बोलण्यातूनच कळू दिलं. त्याच परंपरेतला माणूस आहे हा. त्या पोराची खोली झोपेत एक असते, राक्षस पलंगाखाली असले की दुसरी, आणि पुठ्ठ्याच्या खोक्याचं त्याचं जादूचं यंत्र मधोमध ठेवलं की तिसरी. म्हणून मी वरच्या मजल्याचे तीन कागद केले आणि तिन्ही ठेवले.

एक पान मात्र पुन्हा पुन्हा उघडते. १९८९ मधली घरफोडीची गोष्ट. सगळे लग्नाहून परत येतात, घर फोडलेलं, टीव्ही गेलेला, आईचे दागिने गेलेले, आणि हॉब्ज घरीच राहिला होता म्हणून कॅल्विन कासावीस. नंतर रात्री आई-बाबा अंधारात पलंगावर पडून हळू आवाजात बोलतात. प्लॅनसाठी मला त्यातून फक्त त्यांच्या खोलीतला पलंग मिळाला, पण ते घर पहिल्यांदा मला कुणाच्या तरी राहण्याचं, कुलूप लावायचं घर वाटलं ते तिथेच.

घ्यायचं का? ज्यांना नुसतं वाचायचंय त्यांनी २०१२ मध्ये आलेला चार भागांचा पेपरबॅक सेट बघावा, हातात धरता येतो, आडवं पडून वाचता येतो, हार्डबाउंड पोटावर ठेवून वाचायचा प्रयत्न करू नका. पण शेजारी कागद घेऊन बसणार असाल तर हार्डबाउंडच घ्या, कारण तो उघडा ठेवला की उघडाच राहतो, पान धरून ठेवावं लागत नाही आणि पेन्सिलसाठी दोन्ही हात मोकळे राहतात. टेबल मोठं हवं. सुरुवात दुसऱ्या भागापासून करा, पहिल्यातल्या चौकटींत घर फारसं नाहीच, आणि दारामागचा तो पट्टा सगळ्यात आधी काढा.