जनौषधी केंद्र : बीपी-शुगरच्या गोळ्या तिथून घ्याव्यात का? बेळगाव, खानापूर, निपाणीकरांसाठी

आधी कौल सांगून टाकतो. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, अॅसिडिटी अशा रोज घ्यायच्या गोळ्यांसाठी जनौषधी केंद्रात जरूर जा. रात्री ताप चढला, लेकराला जुलाब लागले, आजच अँटिबायोटिक सुरू करायचंय, अशा वेळी मात्र तिथे मिळेलच या भरवशावर राहू नका. जे मेडिकल जवळ आणि उघडं असेल तिथून औषध घ्या. किमतीला पाचपैकी पाच गुण, दर्जाला चार. औषध हजर असण्याला दोनच, आणि ते दोन का, ते पुढे येईलच.

कंपनीच्या नावाऐवजी मूळ नावानं, म्हणजे ‘जेनेरिक’ म्हणून, स्वस्त औषधं विकणारी केंद्र सरकारची ही योजना जुनी आहे. २००८ च्या नोव्हेंबरात पहिलं दुकान अमृतसरला उघडलं, मधली काही वर्षं ती रखडली आणि २०१५ नंतर तिला वेग आला. आज देशात पंधरा हजारांवर केंद्रं आहेत. आपल्या जवळचं कुठलं, ते ‘जनौषधी सुगम’ या मोबाईल अॅपवर सापडतं. औषधाचं नाव टाकलं की किंमतही तिथेच दिसते, म्हणून घरातून निघण्याआधी अॅप उघडायची सवय लावा. पाटी कन्नडमध्ये असली तरी छापील किंमत सगळीकडे एकच. निपाणीत जो भाव, तोच पलीकडे कागलात.

गोळी इतकी स्वस्त कशी, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि त्यामागे ‘हलकी तर नसेल?’ ही शंका असते. नियम असा आहे की बाजारात सर्वाधिक खपणाऱ्या तीन कंपन्यांच्या सरासरी किमतीच्या निम्म्याहून जास्त किंमत लावायची नाही. बरीच औषधं त्याहूनही खाली आहेत. खरेदी टेंडर काढून एकत्र होते, जाहिरातीचा आणि दवाखान्यांत फिरणाऱ्या प्रतिनिधींचा खर्च त्यात नसतो. माल डब्ल्यूएचओ-जीएमपी (जागतिक आरोग्य संघटनेचे उत्पादनाचे निकष) प्रमाणपत्र असलेल्या कारखान्यांतून येतो आणि प्रत्येक बॅच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून मगच दुकानात जाते. चूक कधीच होत नाही असं नाही. केंद्रीय औषध नियंत्रण संस्था दर महिन्याला दर्जात न बसलेल्या औषधांची यादी बॅच नंबरासह जाहीर करते. त्या यादीत जेनेरिकही असतात आणि नावाजलेल्या कंपन्यांची औषधंही असतात. महाग म्हणजे खात्रीचं, हा हिशेब चुकीचा आहे.

इथे एक फरक नीट समजून घ्या, कारण फसगत नेमकी इथेच होते. साध्या मेडिकलातही ‘जेनेरिक’ म्हणून गोळ्या मिळतात. त्यातल्या कितीतरी गोळ्यांवर छापील किंमत कंपनीच्या गोळीइतकीच असते आणि दुकानदाराला मात्र ती फार स्वस्तात पडलेली असते. मग ‘वीस टक्के सूट’ म्हणून हाती पडते. सूट खरी, पण उरलेला नफा दुकानातच राहिला. जनौषधीत छापील किंमतच मुळात कमी असते. म्हणून सूट किती, हे विचारू नका; एका गोळीचे पैसे किती पडले, ते काढा. स्ट्रिपमध्ये कधी १० गोळ्या असतात, कधी १४, कधी १५. स्ट्रिपला स्ट्रिप लावून तुलना केलीत तर हमखास चुकाल.

समजा घरात दोघं वयस्कर आहेत आणि दोघांच्या मिळून दिवसाला चार गोळ्या. महिन्याला १२० झाल्या. गोळीमागे सहा रुपये वाचले तर महिन्याचे ७२० आणि वर्षाचे ८,६४०. सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्याचा दिलासा आहेच. पण कंपनी बदलून जे वाचतं त्यापुढे तो किरकोळ आहे. शिवाय कर्नाटकातल्या बायकांना सरकारी बसला तिकीट नाही. जांबोटी किंवा नंदगडहून महिन्याची औषधं आणायला घरातली बाई आली तर येण्याजाण्याचा खर्चही वाचतो.

आता चिठ्ठी. सगळी गंमत आणि सगळी अडचण या एका कागदावर आहे. चिठ्ठीवर कंपनीचं नाव असेल तर शेड्यूल एच, एच-१ आणि एक्स (चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या सरकारी याद्या) मधल्या औषधांच्या जागी दुसरं काही देण्याची मुभा फार्मासिस्टला नियमानं नाही. बीपी-शुगरची बहुतेक औषधं त्यातच येतात. त्यामुळे केंद्रातल्या माणसानं ‘डॉक्टरांकडून लिहून आणा’ म्हटलं तर तो अडवणूक करत नाही, कायदा पाळतोय. मेडिकल कौन्सिलच्या नियमांत २०१६ सालीच आलंय की डॉक्टरांनी औषधाचं मूळ (जेनेरिक) नाव, वाचता येईल असं, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं. तेव्हा तपासणी झाल्यावर उठण्याआधी एवढंच म्हणा, ‘डॉक्टर, कंपनीच्या नावासोबत मूळ नावही लिहा, जनौषधीतून घ्यायचंय.’ यात संकोच वाटण्यासारखं काही नाही.

सीमाभागात या मूळ नावाचं मोल दुप्पट आहे. आपल्याकडे माणूस दाखवायला एका राज्यात जातो आणि औषध दुसऱ्या राज्यात घेतो. निपाणीचा पेशंट कोल्हापूर-मिरजेला, खानापूरचा गोव्याला, चंदगडचा बेळगावला. कोल्हापुरातल्या डॉक्टरांनी लिहिलेली कंपनी निपाणीच्या मेडिकलात असेलच असं नाही, आणि मग एका स्ट्रिपसाठी पुन्हा कागल-कोल्हापूर होतं. नोंदणीकृत डॉक्टरची चिठ्ठी देशात कुठेही चालते, आणि औषधाचं मूळ नाव तर दोन्हीकडे सारखंच. कंपनी बदलेल, पाटीची भाषा बदलेल, बीपीचं टेल्मिसार्टन टेल्मिसार्टनच राहील.

मूळ नाव मिळालं तरी चार गोष्टी जुळवून बघायच्या : नाव, ताकद, प्रकार आणि जोडी. नाव व ताकद सोपी आहे. प्रकार म्हणजे गोळीमागची अक्षरं. एसआर, ईआर, एक्सएल असं लिहिलेली गोळी हळूहळू विरघळणारी असते. तिच्या जागी साधी गोळी चालत नाही, आणि ती कुटून दुधात मिसळणं तर अजिबात नाही. मेट्फॉर्मिन ५०० साधी आणि मेट्फॉर्मिन ५०० एसआर या दोन वेगळ्या गोळ्या आहेत. बीपी-हृदयासाठीच्या मेटोप्रोलॉलची तर आणखी गफलत होते, कारण ते दोन क्षारांच्या रूपात येतं. टार्ट्रेट हा क्षार साध्या गोळीत असतो आणि ती सहसा दिवसातून दोनदा घ्यावी लागते, सक्सिनेट ईआर एकदाच. सक्सिनेटच्या स्ट्रिपवर ४७.५ मि.ग्रॅ. दिसलं की लोक ‘ही कमी ताकदीची दिली’ म्हणून परत करतात. ती ५० टार्ट्रेटच्या बरोबरीचीच असते, आणि तसं स्ट्रिपवर बारीक अक्षरात छापलेलंही असतं.

जोडी म्हणजे एका गोळीत दोन औषधं. कंपनीच्या नावापुढे ‘एएम’ असेल तर बहुधा अॅम्लोडिपिन, ‘एच’ असेल तर हायड्रोक्लोरोथायझाइड, शुगरच्या गोळीत ‘एम’ म्हणजे मेट्फॉर्मिन. टेल्मिसार्टन ४० आणि टेल्मिसार्टन ४० एच यांत एका अक्षराचा फरक, पण एकीत लघवी वाढवणारं औषध जास्तीचं आहे. केंद्रात जोडगोळी नसेल तर दोन सुट्या गोळ्या घेता येतात, फक्त ते डॉक्टरांना विचारून.

आता सगळ्यात धोक्याची गोष्ट, जी दुकानात नाही, घरात घडते. घरातल्या फळीवर औषधाचा डबा असतो. त्यात कंपनीची टेल्मिसार्टनची अर्धी स्ट्रिप उरलेली. नवी जनौषधीची स्ट्रिप त्याच डब्यात पडते. जुनी गोळी एका रंगाची, नवी दुसऱ्या. आकार वेगळा, पाकिटावरची अक्षरं इंग्रजी. आजी गोळी रंगावरून आणि कागदाच्या चकाकीवरून ओळखते. ‘सकाळची ती बीपीची, आणि डॉक्टरांनी ही एक नवीन दिलीय’ असं समजून ती दोन्ही घेते. चार दिवसांनी उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते आणि खापर फुटतं जेनेरिकवर. उपाय सोपा आहे. नवी स्ट्रिप डब्यात ठेवण्याआधी जुनी बाहेर काढा. ती संपवायची असेल तर आधी ती संपू द्या, मग नवी उघडा. आणि काउंटरवरच मार्करनं मागच्या बाजूला देवनागरीत लिहून घ्या : ‘बीपी, सकाळी १’. कन्नड किंवा इंग्रजीत लिहिलेलं आपल्याकडच्या कितीतरी म्हाताऱ्यांना वाचता येत नाही. सकाळसाठी सूर्य आणि रात्रीसाठी चंद्र काढून दिला तरी पुरतो. या समजावून सांगण्यात केंद्राकेंद्रांत फार तफावत आहे. गर्दीच्या वेळी कुणी आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं.

बदल केल्यावर पहिले दोन आठवडे बीपी एका ठरावीक वेळी मोजून वहीत लिहा. शुगरवाल्यांनी तीन महिन्यांनी एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) करून घ्यावी. आकडे पूर्वीसारखेच राहिले तर निर्धास्त चालू ठेवा.

काही औषधं मात्र स्वतःच्या मनानं बदलायची नाहीत : फिट्सची फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन, रक्त पातळ करणारी वॉरफरिन, हृदयाची डिगॉक्सिन, मानसिक आजाराची लिथियम, थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिन. या औषधांत रक्तातलं प्रमाण थोडं वरखाली झालं तरी फरक पडतो. जेनेरिक वाईट म्हणून हे सांगत नाही. कंपनीकडून कंपनीकडे जातानाही हीच काळजी लागते. थायरॉइडची गोळी बदलली तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी, वॉरफरिन बदलली तर डॉक्टर सांगतील तसं लवकर आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारी तपासणी. आणि एकदा बदलली की दर महिन्याला इकडून तिकडे उड्या मारू नका.

इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी एकच, पण लक्षपूर्वक वाचा. बाटलीतलं बरंचसं इन्सुलिन ४० युनिटचं (एका मि.लि.मध्ये ४०) असतं आणि त्याला लाल टोपणाची सिरिंज लागते. पेनच्या कार्ट्रिजमधलं १०० युनिटचं. १०० युनिटचं इन्सुलिन ४० च्या सिरिंजनं घेतलं तर अडीचपट डोस जातो. दुकान बदलताना बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी धरून जुळवा. उन्हाळ्यात गावी नेताना बर्फावर थेट ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यावं लागतं.

आता ते दोन गुण. केंद्रात पाच औषधांची चिठ्ठी दिली की तीन मिळतात, एक ‘पुढच्या आठवड्यात’ आणि एक ‘येत नाही’ असं होणं नेहमीचं आहे. यादीत दोन हजारांवर औषधं आहेत, पण माल मोठ्या गोदामांतून येतो आणि छोटा दुकानदार खपेल तेवढंच मागवतो. कमी खपाचं औषध मुदत संपून पडून राहिलं तर तोटा त्याचा. सरकारनं आता दोनशे औषधांचा साठा ठेवणं दुकानदाराच्या प्रोत्साहन रकमेशी जोडलंय, आणि हा बदल योग्य दिशेचा आहे, कारण पेशंटला दुसरी खेप घालावी लागली की स्वस्ताई बसगाडीतच संपते. तोवर आपण करायचं ते असं : गोळ्या संपायच्या आठ-दहा दिवस आधी जा, चिठ्ठीचा फोटो आणि फोन नंबर देऊन ठेवा, महिन्याची ठरलेली मागणी सांगा. नक्की गिऱ्हाईक आहे म्हटल्यावर दुकानदारही मागवतो.

दुसरी अडचण धोरणातल्या रस्सीखेचीची. मे २०२५ मध्ये कर्नाटक सरकारनं सरकारी दवाखान्यांच्या आवारातली जनौषधी केंद्रं बंद करण्याचा निर्णय घेतला. आवारात औषध फुकटच मिळायला हवं, हे कारण. वाद कोर्टात गेला. कारणात तथ्य आहे : सरकारी दवाखान्याच्या एनसीडी (असंसर्गजन्य आजारांच्या) क्लिनिकमध्ये बीपी-शुगरची नेहमीची औषधं फुकट मिळतात आणि तुमचं औषध तिथे असेल तर पहिली पायरी तीच. पण फुकटच्या खिडकीवर औषध संपलं तर पेशंटला दारातच स्वस्त पर्याय हवा. तो काढून घेतला की माणूस थेट समोरच्या महागड्या मेडिकलात जातो. फुकट आणि स्वस्त या दोन खिडक्या शेजारी शेजारी असण्यात पेशंटचं काही बिघडत नाही.

खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडे राहणाऱ्यांनी पावसाळ्यात एक जपावं. टेल्मिसार्टन ओल फार लवकर ओढते, म्हणून ती जाड दुहेरी अॅल्युमिनियमच्या पाकिटात येते. आठवड्याच्या गोळ्या काढून प्लॅस्टिकच्या डबीत भरून ठेवल्या तर त्या मऊ पडतात. जेव्हाची तेव्हाच फोडा.

बायकांसाठी ‘सुविधा’ सॅनिटरी पॅड एक रुपयाला एक आहे, औषधं घ्यायला गेल्यावर आठवणीनं घ्या. मात्र केंद्रात परियोजनेबाहेरच्या इतर वस्तूही विकायला असतात. गोळी घेताना स्ट्रिपवर जनौषधी परियोजनेचं चिन्ह आहे ना, बघा. संगणकाचं बिल मागा. त्यावर बॅच नंबर आणि मुदत असते, ती स्ट्रिपवरच्या आकड्यांशी ताडून पाहा. छापील किमतीहून जास्त घेतले किंवा माल खराब निघाला तर १८००-१८०-८०८० हा परियोजनेचा मोफत नंबर आहे. औषधानं अंगावर पुरळ, सूज असा त्रास झाला तर गोळी थांबवून डॉक्टरांना दाखवा आणि १८००-१८०-३०२४ वर नोंदवा. तेव्हा तेच बिल आणि उरलेली स्ट्रिप हाताशी लागते, म्हणून शेवटची गोळी संपेपर्यंत दोन्ही जपून ठेवा.