ठाण्यातील एक महिला समुपदेशन केंद्र : टाळेबंदीच्या काळातील अनुभव

ठाणे पश्चिमेला एका स्वयंसेवी संस्थेचे महिला समुपदेशन केंद्र आहे. २०२०च्या टाळेबंदीत माझ्या धाकट्या बहिणीने त्याची मदत घेतली, आणि फोन, कागदपत्रे व धावपळ या सगळ्यांत मी तिच्या सोबत होते. तिची ओळख पटू नये म्हणून केंद्राचे नाव देत नाही. माझे मत थोडक्यात सांगायचे तर फोनवरच्या कामात हे केंद्र अतिशय चांगले आहे, कायद्याच्या कामात समाधानकारक आहे, आणि निवारा व आदेशानंतरचा पाठपुरावा या दोन बाबतींत मात्र कमी पडते.

बहीण कळव्याला राहते आणि मी ऐरोलीला. एरवी मनात आले की उठून जाण्याइतके हे अंतर, पण मार्चअखेरीस लोकल बंद, रिक्षा बंद आणि विटाव्याला नाकाबंदी अशी स्थिती होती. मेहुणे घरूनच काम करू लागले होते. दोन खोल्यांच्या घरात सासूबाई, मूल आणि दिवसभर घरात असलेला नवरा असताना बहिणीला मोठ्याने एक वाक्य बोलण्याचीही सोय उरली नव्हती. मदतवाहिनीला फोन करा, हा सल्ला सगळेच देत होते. ज्याच्याविषयी तक्रार करायची तो चार पावलांवर बसलेला असताना फोनवर बोलायचे कसे, याचे उत्तर कोणाकडेही नव्हते. राष्ट्रीय महिला आयोगाकडे २३ मार्च ते १६ एप्रिल या काळात घरगुती हिंसाचाराच्या २३९ तक्रारी आल्या. त्याआधीच्या तेवढ्याच दिवसांत त्या १२३ होत्या. एरवी बऱ्याच तक्रारी टपालाने येत आणि टपाल अडले होते, म्हणून आयोगाने १० एप्रिलला व्हॉट्सअ‍ॅप क्रमांक सुरू केला. ज्यांच्या हातात स्वतःचा फोनच नव्हता, त्या बायका या आकड्यांत धरलेल्या नाहीत, हे लक्षात ठेवावे लागते.

केंद्राच्या पत्रकावरील दूरध्वनी बंद कार्यालयात नुसता वाजत राहत असे, ही पहिली त्रुटी. समुपदेशक बाईंचा मोबाइल क्रमांक ओळखीतून मिळाला तेव्हा कुठे संपर्क झाला. मात्र पहिल्याच संभाषणात त्यांनी जे विचारले त्यामुळे माझे मत बदलले. ‘काय झाले?’ असे न विचारता त्या म्हणाल्या, “ताई, आत्ता बोलता येईल का? नुसते हो किंवा नाही म्हणा.” कचरा खाली नेण्याची वेळ कोणती, गच्चीवर कपडे कधी वाळत घालता, फोन दुसऱ्या कोणी उचलला तर काय सांगायचे, हे सारे त्यांनी त्याच वेळी ठरवून घेतले. बहिणीने त्यांचा क्रमांक शिवणक्लास या नावाने साठवला. एकदा सासूबाईंनी फोन उचलला, तेव्हा समुपदेशक बाईंनी ब्लाउजच्या मापाविषयी इतक्या सहजतेने विचारले की त्यांना खरोखर शिवण येत असावे असे मला वाटले. संभाषण संपताच कॉलची नोंद पुसायला त्या दर वेळी आठवण करत.

घरगुती घटना अहवालही असाच तुकड्यातुकड्यांनी भरला गेला. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार हा अहवाल मॅजिस्ट्रेटपुढील अर्जाचा मोठा आधार असतो आणि त्यात प्रत्येक घटनेची तारीख लागते. बहिणीला तारखा सांगता येईनात. तेव्हा बाईंनी थाळ्या वाजवल्या त्याच्या आधी की नंतर, दिवे लावले त्या रात्री की दुसऱ्या दिवशी, असे विचारत २२ मार्च आणि ५ एप्रिल या दोन खुणांभोवती सगळ्या घटना लावून घेतल्या. पगाराचे कार्ड काढून घेणे, माहेरी फोन करू न देणे, मुलासमोर शिव्या देणे हेही या कायद्याच्या व्याख्येत बसते, हे तिला तेव्हा प्रथमच कळले. आर्थिक आणि भावनिक छळाचा कायद्यात स्पष्ट उल्लेख आहे. दारूमुळे हे घडते, ही आमच्या घरातली जुनी समजूतही याच नोंदींमुळे गळून पडली, कारण दुकाने बंद होती, घरात थेंब नव्हता आणि मारहाण चालूच होती.

मधल्या काळात एका पोलिस ठाण्यात गेलो असता ‘लॉकडाऊन आहे, थोडे सांभाळून घ्या’ असे सांगून फक्त एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करून घेण्यात आली. केंद्राने त्यावर वाद घातला नाही. तीच एनसी अहवालाला जोडली.

निवाऱ्याच्या प्रश्नावर मात्र केंद्र हतबल दिसले. जागा होती, पण कोरोना चाचणीचा अहवाल आणि विलगीकरण यांशिवाय कोणी आत घेत नव्हते, आणि रात्री अकरा वाजता मुलाला घेऊन घराबाहेर पडलेल्या बाईने चाचणी कुठे करायची, याला उत्तर नव्हते. शनिवार-रविवारी फोन उचलला जात नसे, हे तर त्याहून वाईट. शिवाय जूनमध्ये दुसऱ्या एका समुपदेशकांनी नवरा-बायकोची व्हिडिओवर एकत्र बैठक घेऊ या, असे सुचवले. बैठक संपल्यावर ती त्याच खोलीत त्याच्याबरोबर राहणार आहे, हे त्यांच्या ध्यानातच आले नाही. बहिणीने साफ नकार दिला आणि केंद्राने तो मानला, एवढे त्यांच्या बाजूने म्हणता येईल.

बाईने कुठे जायचे, एवढाच विचार सगळे करतात. त्या एप्रिलमध्ये पुणे जिल्हा परिषदेने मारहाण करणाऱ्या पुरुषांनाच संस्थात्मक विलगीकरणात पाठवण्याचा इशारा दिला होता, त्याचे मला म्हणूनच अप्रूप वाटले. कायद्याच्या कलम १९नुसार न्यायालय नवऱ्याला सामायिक घरातून, म्हणजे दोघे एकत्र राहतात त्या घरातून, बाहेर पडण्याचा आदेश देऊ शकते. आमची अडचण अशी की सदनिका सासूबाईंच्या नावावर होती आणि २००६च्या एका निकालामुळे अशा घरावर सुनेला हक्क सांगता येत नव्हता. केंद्राच्या वकील बाईंनी सुरुवातीला हे प्रामाणिकपणे सांगितले. १५ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सतीश चंदर आहुजा खटल्यात ती भूमिका बदलली आणि सासरच्या नातेवाइकाच्या मालकीचे घरही सामायिक घर ठरू शकते असे म्हटले, तेव्हा वकील बाईंनी आम्ही विचारण्याआधीच आमच्या अर्जात दुरुस्ती सुचवली. या सगळ्याचे शुल्क लागले नाही; स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते, हेही तिथेच कळले.

शेवटी बहिणीला अंतरिम आदेश मिळाला, आणि केंद्राचे लक्ष नेमके तिथे सुटले. कलम २४प्रमाणे आदेशाची प्रत संबंधित पोलिस ठाण्याला विनामूल्य जाते, आणि तो मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकते. पण पोलिस ठाण्यात ती प्रत पोहोचलीच नव्हती, आणि मेहुणे दारात येऊन उभे राहिले तेव्हा हवालदारांना आदेशाची माहिती नव्हती. केंद्रात नव्याने जाणाऱ्यांनी पहिल्या दिवशी सुट्टीतला क्रमांक मागून घ्यावा, बोलण्याची सुरक्षित वेळ स्वतःहून सांगावी, आणि आदेश निघाला की त्याची प्रत घेऊन स्वतः पोलिस ठाण्यात जावे व पोच घ्यावी. आम्ही दुसऱ्या खेपेस तेच केले.